शोकठरावानंतर : किल्लारीचा भूकंप आणि विद्यापीठाची भाषा

राष्ट्रावर एखादी आपत्ती कोसळली म्हणजे विद्यापीठात घडणारी पहिली कृती भाषिक असते. सभा बोलावली जाते, दुखवट्याचा ठराव मांडला जातो, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. या ठरावाची शब्दकळा ठरीव असते. मृतांची नावे तीत नसतात, गावांची क्वचित असतात. ठराव हा संस्थेचा उद्गार असल्याने ते एका परीने अपरिहार्यही आहे. मात्र त्यानंतर विद्यापीठ आपद्ग्रस्तांशी कोणत्या भाषेत बोलते, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या संदर्भात केला आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे निजलेली असताना, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हा भूकंप झाला. मृतांचे आकडे सुमारे ८,००० ते १०,००० असे दिले जातात. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार हे एवढ्या प्राणहानीचे मुख्य कारण होते.

दोन्ही जिल्हे त्या वेळी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात होते. त्यामुळे मदत देणारा आणि घेणारा अशी सोयीस्कर विभागणी येथे टिकत नाही. धान्य, कपडे, रक्तदान, श्रमदान यांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने ती वाट पूर्वीच रुळवली होती. अशी मदत मोलाची खरी, परंतु ती लवकर ओसरते आणि ती करण्यासाठी विद्यापीठच हवे असेही नाही.

विद्यापीठीय म्हणावे असे कार्य त्यानंतर सुरू होते. टाटा समाजविज्ञान संस्था हे त्याचे ठळक उदाहरण होय. फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत आणि १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर भोपाळमध्ये या संस्थेने काम केले होते. भूकंपानंतर तिने बाधित कुटुंबांचे सर्वेक्षण केले; पुढे शासनाच्या पुनर्वसन कार्यक्रमात लोकसहभागाची सल्लागार म्हणूनही तिचा वाटा होता.

सर्वेक्षण ही केवळ मोजदाद नव्हे. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टर जमीन असणाऱ्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फुटांचे घर, असे प्रमाण ठरले. म्हणजे 'जमीन' आणि 'कुटुंब' या दोन शब्दांवर माणसाचे उर्वरित आयुष्य किती भिंतींत जाणार, हे अवलंबून होते. एका वाड्यात तीन चुली असतील, तर कुटुंबे किती? वेगळी चूल मांडलेला, पण सातबाऱ्यावर नाव न चढलेला धाकटा भाऊ भूमिहीन की जमीनदार? विधवा सून कोणत्या रकान्यात बसवायची? शासकीय मराठीत 'कुटुंबप्रमुख', 'लाभार्थी', 'बाधित' असे शब्द आहेत. गावाच्या मराठीत घर, चूल, भावकी आहे. या दोन मराठींमधला दुभाषी म्हणून प्रश्नावली हाती घेतलेला विद्यार्थी उभा असतो. त्याला 'माळवद' किंवा 'ढाळज' म्हणजे काय हे विचारावे लागत असेल, तर समोरचा माणूस काय गमावून बसला आहे हे त्याला समजणार कसे? हे काम समाजकार्य विभागाचे, आपले नव्हे, असे मराठीचे विभाग सहज मानतात. ते मला पटत नाही. बोली आणि प्रमाणभाषा यांवर आपण जे शिकवतो त्याची अशी कसोटी एरवी लागत नाही.

दुसरे काम अद्यापही करता येण्याजोगे आहे. पंचनाम्यात पडलेल्या भिंती नोंदल्या जातात. गल्लीला काय म्हणत, पारावर कोण बसे, जात्यावर कोणत्या ओव्या म्हटल्या जात, हे नोंदले जात नाही. स्थलांतरित गावांची आखणी सरळ रस्त्यांची, ओळीतल्या घरांची झाली. जुन्या गावाचा नकाशा आता प्रामुख्याने बोलण्यातच शिल्लक आहे. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या कथनाचे ध्वनिमुद्रण करताना त्यांची अनुमती हवी; दुःखाचा प्रसंग पुन्हा सांगण्याची सक्ती नको; आणि मुद्रणाची एक प्रत विभागाच्या कपाटाआधी त्या गावच्या शाळेत जायला हवी. आज लातुरात नांदेडच्या, तर धाराशिवात छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. पदव्युत्तर वर्गाच्या लघुप्रबंधासाठी तेथून ही गावे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत.