आद्य स्लाव्ह भाषेतील प्रश्नवाचक सर्वनामे : व्युत्पत्ती आणि रूपविचार

मागील उपघटकात आपण तालव्यीकरणाची प्रक्रिया पाहिली. तिचा उपयोग येथे होणार आहे. आद्य स्लाव्ह भाषेतील एकही लेख उपलब्ध नाही. तिची रूपे कन्याभाषांच्या तुलनेने पुनर्रचित केलेली आहेत, म्हणून ती तारकाचिन्हाने दाखवितात. या कामी नवव्या शतकात लिपिबद्ध झालेल्या प्राचीन चर्च स्लाव्हिकचा आधार सर्वांत मोलाचा ठरतो.

'कोण' या अर्थी *कुतो आणि 'काय' या अर्थी *चितो अशी रूपे होती. (यांतील उ व इ अतिऱ्हस्व समजावेत.) दोहोंच्या मुळाशी आद्य भारोपीय *क्वो- व *क्वि- या प्रकृती आहेत. दुसरीत पुढील तालव्य स्वरामुळे 'क'चा 'च' झाला. 'कः' आणि 'कश्चित्'मधील 'चित्' ही संस्कृत रूपे आठवा. जोडी तीच आहे. मात्र दोन्हीकडील तालव्यीकरण स्वतंत्रपणे घडले. 'किम्'मध्ये 'क' दिसतो तो 'कः'च्या सादृश्याने.

मग '-तो' कोठून आला? एकाक्षरी *कु, *चि उच्चारात फारच क्षीण झाली होती. त्यांना बळ देण्यासाठी दर्शक सर्वनामाचे नपुंसकलिंगी रूप, म्हणजे संस्कृत 'तत्'चा सगोत्र शब्द, जोडला गेला. मराठी 'कोण'ही असाच भर घालून घडला : कः पुनः > कवण > कोण. रशियन 'क्तो' आणि मराठी 'कोण' यांत सगोत्र आहे तो केवळ आरंभीचा 'क'. उरलेला भाग प्रत्येक भाषेची स्वतःची कमाई आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हा भेद फार वेळा हरवतो.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. मराठीने ही भर प्रकृतीतच मुरवली, म्हणून आपण 'कोणाला', 'कोणाचा' म्हणतो. स्लाव्हमध्ये विभक्तिरूपांत '-तो' नाहीच : षष्ठी *कोगो, चतुर्थी *कोमु, सप्तमी *कोमि. तृतीयेच्या *त्सेमि या रूपात 'क'चा 'त्स' झाला, कारण पुढे मूळचा 'ओइ' हा संयुक्त स्वर 'ए' झाला होता. हे दुसरे तालव्यीकरण होय. '-गो'च्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

*चितोच्या रूपांत षष्ठीचे *चेसो विशेष पुरातन आहे. गॉथिक 'ह्विस' त्याच्याशी जुळते. रशियनने पुढे 'कोगो'च्या धर्तीवर नवे षष्ठीरूप घडविले. पोलिश व चेक भाषांत मात्र या जुन्या षष्ठीचेच संक्षिप्त रूप 'त्सो' प्रथमेच्या जागी येऊन बसले. म्हणजे तेथे 'काय' विचारणारा मनुष्य, व्युत्पत्तीने पाहता, 'कशाचे' असे विचारतो! क्रोएशियातील चाकाव्ही, काइकाव्ही आणि श्तोकाव्ही या बोलींची नावेही 'चा', 'काइ', 'श्तो' या त्यांच्या 'काय'वाचक शब्दांवरूनच पडली आहेत.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : *कुतो आणि 'कोण' यांच्या घडणीतील साम्य व भेद विभक्तिरूपांच्या आधारे स्पष्ट करा.