पोरी, प्रशिक्षण वर्गात उतरव

मुखेड तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरच्या शाळेत तुझी नेमणूक झाली, आता ‘दीक्षा’ अ‍ॅपवर एकामागून एक प्रशिक्षणं येत राहतील. शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०१९ला समोरासमोर सुरू झालं, २०२०ला कोरोनात मोबाइलवर आलं, ‘निष्ठा ३.०’मध्ये तर पायाभूत साक्षरतेचे १२ कोर्स होते. घरबसल्या शिकायला मिळतं हे चांगलंच. पण प्रमाणपत्र निघालं म्हणून कोर्स पुरा झाला असं समजू नको. त्यातलं लेकरांपर्यंत पोचलं, तरच तो पुरा झाला. त्यासाठी एवढं ध्यानात ठेव.

व्हिडिओ पळवू नको. वही घेऊन बस, एकच कृती उचल, दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघ आणि आठवडाभर तीच कर. तांड्यावर रेंज नसेल तर तालुक्याला आलीस की भाग डाउनलोड करून ने.

रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखव. आधी मुखपृष्ठ दाखवून विचार, यात काय होईल? मध्ये एकदाच थांब, पुढं काय ते त्यांना सांगू दे. शेवटी तात्पर्य विचारू नको. कोण आवडलं, का आवडलं, ते विचार.

घरच्या भाषेला दार उघडं ठेव. तांड्यावरचं लेकरू गोरमाटी बोलतं, देगलूरकडचं तेलुगू, किनवटकडचं गोंडी नाहीतर कोलामी, उदगीरकडचं कन्नड किंवा उर्दू. आधी त्याला त्याच्या बोलीत सांगू दे, मग मराठी शब्द शेजारी ठेव. गप्प बसवलेलं लेकरू वाचायलाही बिचकतं.

फळ्यावरचं उतरवणं म्हणजे लेखन नव्हे. आधी बोलणं, मग चित्र, मग लिहिणं. ‘काल आमी कापूस येचला’ असं कुणी म्हणालं तर तेच फळ्यावर लिही आणि सगळ्यांकडून वाचून घे. स्वतःचं बोलणं वाचता येतं हे कळलं की लिहायची भीती जाते. वही हातात आली की आधी मजकुरावर बोल, मग एकच चूक दाखव. सगळं पान लाल करू नको.

पायाभूत साक्षरतेचं ‘निपुण भारत’ अभियान २०२१ला आलं. तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं त्यात म्हटलंय. घड्याळ लावताना ‘समजून’ हा शब्द विसरू नको. वाचन झालं की एक ‘का?’ विचारच.

एकटी शिकू नको. औशाची तुझी मैत्रीण तोच कोर्स करत असेल तर दोघी मिळून कृती ठरवा. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला जाताना लेकरांच्या वह्या सोबत ने. चर्चा त्यांच्यावर होऊ दे.

आणि दिवाळीनंतर ज्यांची घरं ऊसतोडीला जातात, ती लेकरं आधी ओळखून ठेव. त्यांच्या वाट्याला शाळेचे दिवस कमी येतात. शिकलेली प्रत्येक नवी कृती पहिल्यांदा त्यांच्यासोबत कर.