डॉक्टरांनी मुलांना हा प्रश्न विचारला, तर घाबरू नका



समजा, आपल्या वस्तीतली बारावीची एक मुलगी महिनाभरात तिसऱ्यांदा दवाखान्यात आली. आधी डोकं दुखत होतं, मग पोट, आता झोप लागत नाही. दरवेळी गोळ्या मिळाल्या. घरचे म्हणाले, पित्त झालं असेल, मोबाईल जास्त बघते. पण "बाळा, मनात काय चाललंय?" हे कुणीच विचारलं नाही.

जीव नकोसा झालेली मुलं सहसा थेट मानसोपचार तज्ज्ञाकडे जात नाहीत. ती जवळच्या दवाखान्यात जातात आणि तक्रार शरीराची सांगतात. म्हणूनच ही विचारपूस आपल्या आरोग्य केंद्रात, पहिल्या भेटीच्या जागी व्हायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येने गेली. त्यात १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वांत जास्त नोंद महाराष्ट्रात झाली: २२,७४६.

विचारतात काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी लहान मुलं आणि तरुणांसाठी चार प्रश्नांची एक छोटी तपासणी तयार केली. एका मिनिटाच्या आत ती होते आणि नर्सताईही ती करू शकतात. प्रश्नांचा आशय असा:

१. गेल्या काही आठवड्यांत आपण मेलो असतो तर बरं, असं वाटलं का?
२. आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं, असं वाटलं का?
३. गेल्या आठवड्यात जीव देण्याचे विचार आले का?
४. पूर्वी कधी तसा प्रयत्न केला होता का?

एकाही प्रश्नाला "हो" आलं, तर पाचवा प्रश्न विचारतात: आत्ता, या क्षणी तसे विचार आहेत का?

विचारल्याने डोक्यात भलतंच भरेल का?

ही भीती पुष्कळ आईवडिलांना वाटते. पण विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनात दिसून आलं आहे. उलट, कुणीतरी सरळ विचारलं म्हणून मुलाचं ओझं हलकं होतं. एक मात्र करावं लागेल. डॉक्टर म्हणाले, "आई, पाच मिनिटं बाहेर बसता का?" तर राग मानू नका. आईसमोर मूल खरं बोलेलच असं नाही.

"हो" आलं तर पुढे काय?

"हो" म्हणजे वेडाचा शिक्का नव्हे. अजून नीट बोलायची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ. पाचव्या प्रश्नालाही "हो" आलं, तर मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यायचं. नाहीतर डॉक्टर सविस्तर बोलतात, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवतात आणि पुन्हा कधी यायचं ते सांगतात. ती पुढची तारीख चुकवू नका. आणि सगळी उत्तरं "नाही" आली, तरी मूल बदललेलं दिसत असेल तर पुन्हा दाखवा.

आपल्या मुलांचा वेगळा ताण

आपल्या लेकरांना अभ्यास आणि बेकारीचा ताण आहेच. शिवाय आडनाव ऐकून बदलणारे चेहरे आहेत, "तुमचं काय, सवलतीवर आलात" असे टोमणे आहेत, वेळेवर न येणारी शिष्यवृत्ती आहे. २०१६ मध्ये रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेल्यावर हे दुखणं साऱ्या देशापुढे आलं. त्यामुळे दवाखान्यात "कॉलेजात कुणी अपमान करतं का?" हेही विचारलं गेलं पाहिजे. विचारलं नाही, तर आपण सांगायचं. अन्यायाला आजाराचं नाव देऊन गप्प बसायचं नाही. मुलावर उपचारही करायचे आणि कॉलेजकडे लेखी तक्रारही द्यायची.

रडणं हा दुबळेपणा नाही. १९१७ साली बडोद्यात पारशी विश्रामगृहातून हाकललं गेल्याचा प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतं, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

घरी आणि वस्तीत

• डॉक्टर विचारत नसतील तर आपणच म्हणा, "डॉक्टर, याला जगणं नकोसं वाटतंय का, तेही जरा विचारा."
• मूल बोलू लागलं की "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" हे सुरू करू नका. आधी ऐका.
• उरलेल्या गोळ्या आणि विषारी औषधं कुलपात ठेवा.
• बुवा-मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.
• १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं. जवळचं कुठे आहे, ते आशाताईंना विचारा.

पोलिसांचं लफडं होईल म्हणून काही घरं दवाखाना टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. याच कायद्याने सरकारी मानसिक उपचार मिळणं हा हक्क ठरला आहे.

टेली-मानसचा क्रमांक १४४१६ घरात भिंतीवर लिहून ठेवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. तातडीच्या वेळी १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

अतिसाराने आजारी, एकट्या पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतलं-पुसलं आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितलं. मनाने आजारी पडलेल्या लेकराजवळ बसणं हीसुद्धा तीच शुश्रूषा आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हे पान मोठ्याने वाचा आणि त्या दिवशी घरी गेल्यावर आपल्या मुलाला एकदा विचारा, "बरा आहेस ना रे?" उत्तर येईपर्यंत थांबा.

जय भीम.