गरम पाण्याच्या जोडणीत प्लास्टिकची नळी : उष्णतेचा जमाखर्च

नळ व बांधकाम-साहित्याचा व्यापार करणाऱ्या बंधूंना ग्राहक नित्य एक प्रश्न विचारीत असतात : गरम पाण्याला प्लास्टिकची नळी चालेल काय? या प्रश्नाची ‘होय’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि म्हणूनच दोन्ही अपुरी आहेत. कोणते प्लास्टिक, किती अंश उष्णता, किती दाब, आणि जे सहसा कोणी विचारीत नाही ते, म्हणजे एकंदर किती तास, या चार गोष्टी ठरल्यावाचून उत्तर देणे हे माल न पाहता भाव सांगण्यासारखे होय. प्रस्तुत लेखात या विषयाचे थोडे विवेचन करण्याचे योजिले असून उदाहरणादाखल गाणगापूर घेतले आहे.

गाणगापूरच का, असे कोणी विचारील. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातील हे दत्तक्षेत्र भीमा व अमरजा या नद्यांच्या संगमापाशी असून महाराष्ट्रातून तेथे यात्रेकरूंची सतत ये-जा असते. परंतु ही गर्दी वर्षभर सारखी नसते. पौर्णिमेला व दत्तजयंतीला खोली मिळणे कठीण. एरवी, विशेषतः वैशाखाच्या उन्हात, तीच यात्री-निवासे ओस पडलेली. पूर्वी स्नानाचे पाणी तांब्याच्या बंबात तापे, आणि लाकडे सरली की बंब आपोआप निवे. सौर बंबाचे तसे नाही. कर्नाटक सरकारने २००७ साली काही प्रकारच्या इमारतींना सौर जलतापक आवश्यक केला, आणि काचेच्या निर्वात नळ्यांचे हे बंब आता गावोगावी गच्च्यांवर दिसतात. सूर्य काही यात्रेकरू पाहून तापत नाही. कलबुर्गीकडील उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, ऊन प्रखर असते, आणि नेमका त्याच वेळी पाण्याला उपसा नसतो. मग एरवी ६० अंशांवर राहणारे टाकीतील पाणी दोन-तीन दिवसांत उकळीच्या जवळ पोहोचते. सारे मर्म या रिकाम्या दिवसांत आहे.

आता नळीकडे वळू. साध्या पीव्हीसीची नळी थंड पाण्याची होय. तिचा दाब २७ अंशांवर ठरविलेला असतो, ४५ अंशांपुढे ती वापरू नये असा दंडक आहे, आणि ८० अंशांच्या सुमारास ती चक्क मऊ पडते. त्याच पदार्थात क्लोरीनचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांवरून ६३ ते ६७ टक्क्यांपर्यंत वाढविले म्हणजे सीपीव्हीसी तयार होते. भारतीय मानक १५७७८ तिच्यासाठी आहे. ती ८२ अंशांपर्यंत चालते. मात्र कशी चालते ते पाहावे. या नळीचा जो प्रकार २३ अंशांवर दर चौरस इंचास ४०० पौंड दाब सोसतो, तोच ८२ अंशांवर अवघा १०० पौंड सोसतो. नळी तीच, नाव तेच, बळ एक चतुर्थांश! तिसरी पेक्स, म्हणजे जोडबंध पॉलिएथिलीन. साध्या पॉलिएथिलीनचे रेणू सुट्या सुतासारखे, तापले की एकमेकांवरून सरकणारे. पेक्समध्ये त्यांना जागोजागी गाठी मारून जाळे विणलेले असते. थंड देशांत घरे उबविण्यासाठी जमिनीखाली हीच नळी फार वापरतात. तिचीही मर्यादा ९३ अंशांच्या आसपास संपते. दाबाखाली शंभरीपलीकडे नेलेले पाणी किंवा कारखान्यातील वाफ यांच्याशी यांपैकी कोणत्याही नळीचा संबंध नाही; तेथे पोलादच हवे.

‘५० वर्षे टिकेल’ असे नळीच्या जाहिरातीत आपण वाचतो. हे शब्द खोटे नव्हेत, पण त्यामागे एक खातेवही आहे. आयएसओ १०५०८ या आंतरराष्ट्रीय मानकात उच्च तापमानाच्या उष्णता-व्यवस्थेसाठी पाचवा वर्ग आहे. त्यातील पन्नास वर्षांची वाटणी अशी : २० अंशांवर १४ वर्षे, ६० अंशांवर २५ वर्षे, ८० अंशांवर १० वर्षे, ९० अंशांवर १ वर्ष आणि १०० अंशांवर केवळ १०० तास. स्नानाच्या गरम पाण्यासाठी जो दुसरा वर्ग आहे त्यात ७० अंशांवर ४९ वर्षे, ८० अंशांवर १ वर्ष आणि ९५ अंशांवर पुन्हा तेच १०० तास. हे शेवटचे तास यंत्र बिघडल्यावेळचे म्हणून राखून ठेवलेले आहेत. वर वर्णिलेल्या ओस यात्री-निवासात उन्हाळ्यातील २५ दिवस रोज चार तास पाणी उकळीजवळ राहून नळीत चढले, तर पन्नास वर्षांची ही सारी राखीव पुंजी एकाच हंगामात खर्ची पडते! त्या दिवशीच नळी फुटेल असे नाही. परंतु पुढील आयुष्याची हमी त्या हिशोबात उरत नाही. व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. मुद्दल खाऊन चाललेले दुकानही काही दिवस उघडे दिसतेच.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पुष्कळदा नळी बिघडते ती गरम पाण्याच्या बाजूची नव्हे, थंडची! तापलेले पाणी प्रसरण पावते आणि वाट मिळेल तिकडे, म्हणजे थंड पाण्याच्या नळीतून उलटे मागे सरते. तेथे ‘थंडच तर आहे’ म्हणून साधी पीव्हीसी बसविलेली असते. ती वाकते, सांधा सोडते. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात २००६ साली एका घरी विजेच्या जलतापकाचा उष्णता-नियंत्रक बिघडला, उकळते पाणी माळ्यावरील थंड पाण्याच्या प्लास्टिक टाकीत चढत राहिले, टाकी मऊ होऊन कोसळली आणि खाली निजलेले तान्हे मूल दगावले. आपल्या गच्च्यांवरही थंड पाण्याची टाकी प्लास्टिकचीच असते.

यावरून कोणी म्हणेल की जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी बरी. तीही निर्दोष नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षार तिच्यात बसून पोकळी आवळत जाते, आणि साधारण ६० अंशांपुढे काही पाण्यांत जस्त लोखंडाचे रक्षण करण्याऐवजी उलट त्यालाच गंजवू लागते. एका बाबतीत मात्र ती वरचढ आहे. दहा मीटर लांबीची नळी ५० अंशांनी तापली तर लोखंड सुमारे ६ मिलिमीटर वाढते, सीपीव्हीसी ३ सेंटीमीटरांहून अधिक, आणि हल्ली बरीच खपणारी पीपीआर सुमारे साडेसात. भिंतीत घट्ट चिणलेल्या नळीला ही वाढ जाण्यास जागा नसते. म्हणून लांब ओळीत मधे वळसा देणे अगत्याचे आहे.

केवळ उष्णता पाहूनही भागत नाही, हे अमेरिकेने भारी किंमत देऊन अनुभवले. १९७८ ते १९९५ या काळात तेथील असंख्य घरांत पॉलिब्युटिलीनची नळी बसली. पाण्यातील क्लोरीनने ती व तिचे जोड ठिसूळ झाले, आणि १९९५ साली न्यायालयीन तडजोडीत ९५ कोटी डॉलरांचा निधी उभारावा लागला.

मग गच्चीवर योजना कशी असावी? बंबातून निघणारी पहिली काही फूट नळी धातूची असावी. अमेरिकी नियमांत पेक्सला जलतापकापासून किमान १८ इंच दूर ठेवतात, आपल्या उन्हात त्याहून अधिक ठेवण्यास हरकत नाही. हवानळी धातूची व सदैव उघडी असावी. थंड पाणी आत येण्याच्या मुखाशीही धातूच हवा. त्यापुढे मिश्रण-झडप बसवून प्लास्टिकमध्ये ६० अंशांपलीकडचे पाणी जाऊच देऊ नये. ६० अंशांचे पाणीही पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते, तेव्हा स्नानगृहातील नळाशी ते याहून निवलेलेच यावे. उघड्यावरील नळीवर उष्णतारोधक आवरण घालावे, कारण ऊन आतून जितके छळते तितकेच बाहेरूनही. आणि उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या असतील तेव्हा काचेच्या नळ्यांवर गोणपाट टाकावे. याला खर्च जवळजवळ नाही, आणि तो राखीव १०० तासांचा ठेवा शाबूत राहतो.

दुकानातील एक बारीक गोष्ट सांगावयाची राहिली. साधी पांढरी पीव्हीसी व फिकट पिवळसर सीपीव्हीसी दिव्याच्या उजेडात सारख्याच दिसतात. नळीवर छापलेला मानक क्रमांक वाचूनच माल मोजावा. जोडण्याचा डिंकही दोहोंचा वेगळा असतो. सीपीव्हीसीची नळी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला फडताळातील पीव्हीसीचा डबा दिला गेला, तर सांधा थंड पाण्याच्या चाचणीत उत्तम ठरतो आणि गळू लागतो तो पुढे, गरम पाणी चालू झाल्यावर.