होईल किंवा न होईल, म्हणजे निम्मे-निम्मे?

कला शाखेच्या वार्षिकांकात गणितावरचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडण्याचा संभव आहे. हा ‘संभव’ हाच आजच्या लेखाचा विषय होय. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षकी पेशात जातील आणि मराठी-इतिहासाबरोबर एखादे वेळी गणिताचा तासही पदरात पडेल. सातवी-आठवीच्या मुलांना संभाव्यता कशी समजावून द्यावी, याचे हे एक पाठ-टाचण समजावे.

वर्गात शिरल्यावर फळ्याकडे वळू नये. आधी एक प्रश्न विचारावा : “उद्या शाळेत येताना वाटेत हत्ती दिसण्याची शक्यता किती?” कोणीतरी चुणचुणीत मुलगा उठून सांगेल, “निम्मी! दिसेल, नाहीतर दिसणार नाही.” वर्ग हसेल. उत्तर चुकले आहे हे साऱ्यांना कळते, पण कोठे चुकले ते कोणालाच सांगता येत नाही. ते सांगता येणे म्हणजेच संभाव्यतेचा पहिला पाठ शिकणे.

आता नाणे हाती घ्यावे. नाणे उडवले की छापा पडेल किंवा काटा पडेल. या दोन निष्पत्ती झाल्या. नाणे खोटे नसेल तर छाप्याला काट्यापेक्षा अधिक झुकते माप मिळण्याचे काही कारण नाही. म्हणून छापा पडण्याची संभाव्यता दोनातील एक, म्हणजे १/२. फाशाला सहा बाजू असतात, तेव्हा ५ पडण्याची संभाव्यता १/६. सम अंक हवा असेल तर २, ४ आणि ६ या तीन निष्पत्ती अनुकूल, म्हणून ३/६. एका फाशावर ७ पडण्याची संभाव्यता ०/६, म्हणजे शून्य. आणि ७ पेक्षा लहान अंक पडण्याची ६/६, म्हणजे १. अशक्य गोष्टीला शून्य, निश्चित गोष्टीला एक, आणि बाकी सारा संसार या दोहोंच्या मध्ये! नियम असा : अनुकूल निष्पत्तींच्या संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागावे.

परंतु या नियमाला एक अट आहे आणि मुले नेमकी तीच विसरतात. सर्व निष्पत्ती समसंभाव्य असल्या पाहिजेत. ही अट पटवण्यासाठी सारीपाटाची कवडी उत्तम. तिची पाठ फुगीर, पोटाला चीर. तीही दोनच तऱ्हांनी पडते, उताणी किंवा पालथी. पण तिच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. म्हणून ‘दोन तऱ्हा, सबब निम्मे-निम्मे’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग करावे काय? प्रत्येक मुलाने कवडी दोनशे वेळा टाकावी, उताणी किती वेळा पडली ते मांडावे आणि त्या संख्येला २०० ने भागावे. जेथे समानता आहे तेथे विचाराने मोजावे, जेथे नाही तेथे अनुभवाने मोजावे. हत्तीचे कोडे येथे सुटले. ‘दिसेल’ आणि ‘दिसणार नाही’ या निष्पत्ती दोन खऱ्या, पण त्या तोलाच्या नव्हत्या.

फासे आणि मोजणी यांचे नाते आपल्या वाङ्मयालाही अपरिचित नाही. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावरील पानाफळांची संख्या पाहताक्षणी सांगतो आणि द्यूतात सर्वस्व गमावलेल्या नलाला ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो. युरोपात या विषयाचे शास्त्र झाले तेही जुगाराच्या निमित्तानेच. अर्धवट मोडलेल्या डावातील पैसा खेळाडूंत कसा वाटावा, या प्रश्नावर १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला. संभाव्यतेच्या गणिताचा प्रारंभ बहुधा तेथूनच मानतात.

मोजताना मोठेमोठेही चुकतात. नाणे दोनदा उडवले तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? द’आलंबेर हा थोर फ्रेंच गणितज्ञ. त्याने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातील लेखात असा युक्तिवाद केला की, पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ तेथेच संपला. नाहीतर दुसऱ्यांदा छापा पडेल किंवा दोन्ही वेळा काटा पडेल. एकूण तीन प्रकार, त्यांतील दोन अनुकूल, म्हणून उत्तर २/३. ही चूक आपल्या हत्तीवाल्या मुलाचीच आहे! तीन प्रकार खरे, पण ते सारख्या वजनाचे नाहीत. पहिल्यांदा छापा पडण्याची संभाव्यता एकटीच १/२ आहे. चार समसंभाव्य निष्पत्ती फळ्यावर लिहाव्यात : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारांपैकी तीन अनुकूल, म्हणून उत्तर ३/४. छापा-काटा आणि काटा-छापा एकच नव्हेत काय, असे मुले हमखास विचारतील. त्यांच्या हाती एक रुपयाचे आणि एक पाच रुपयांचे नाणे द्यावे. रुपयाचा छापा नि पाचाचा काटा ही एक गोष्ट. रुपयाचा काटा नि पाचाचा छापा ही दुसरी. याच रीतीने दोन फाशांच्या ३६ निष्पत्ती मांडून घ्याव्यात. बेरीज २ येण्याचा एकच मार्ग, तर ७ येण्याचे सहा मार्ग आढळतील.

येथवर पाठ खेळीमेळीचा झाला. यापुढचा भाग मात्र घराघरात पोचणारा आहे.

“तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार,” हे वाक्य आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकले आहे. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. सोयीसाठी आपण दोन्ही निष्पत्ती समसंभाव्य धरू. कन्येला ‘क’ आणि पुत्राला ‘प’ म्हणू. चार अपत्यांचे १६ क्रम होतात. चारही मुली हा त्यांतील एकच क्रम, म्हणून संभाव्यता १/१६. लोक हा आकडा मनात धरतात आणि म्हणतात, चौथीही मुलगी होणे फार दुर्मीळ. परंतु तीन मुली तर अंगणात खेळताहेत! ज्यांच्या आरंभी ‘ककक’ नाही असे १४ क्रम आता बाद झाले. उरले दोनच : ककक-क आणि ककक-प. म्हणजे चौथ्या वेळी मुलगा होण्याची संभाव्यता पुन्हा निम्मीच. नाण्याला स्मरणशक्ती नसते, तशी ती निसर्गालाही नसते. अपत्य मुलगा की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते आणि प्रत्येक वेळी ते नव्याने ठरते. मुली झाल्याबद्दल सुनेला बोल लावणारी सासू विज्ञानातही चुकते आणि गणितातही.

मग ‘शेवटी सारे निम्म्यावर येते’ हा नियम खोटा काय? नाही. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाच्या १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची सिद्धता आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. समजा, पहिल्या चार वेळा छापाच पडला. नंतर नाणे आणखी हजार वेळा उडवले, तर त्यांत सुमारे ५०० छापे अपेक्षित आहेत. एकूण १००४ वेळांत ५०४ छापे, म्हणजे ०.५०२. सुरुवातीच्या चार छाप्यांची भरपाई कोणीही केली नाही. मोठ्या संख्येत ते नुसते बुडून गेले. निसर्ग हिशेब चुकता करीत नाही. ‘इतकी वर्षे लॉटरी लागली नाही, आता लागेलच’ असे म्हणणारा याच भ्रमात असतो.

या भ्रमाची किंमत कोणी दिली? आपल्याच महाराष्ट्रात नको असताना झालेल्या मुलीचे नाव ‘नकुशा’ ठेवीत. पुढचा तरी मुलगा व्हावा, ही त्यामागची आशा. सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना २०११ साली समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नावाने पुढच्या अपत्याची संभाव्यता तसूभरही बदलली नव्हती. बदलले होते ते फक्त त्या मुलीचे बालपण.

म्हणून हा पाठ घेताना सोळा क्रमांची यादी मुलांकडूनच लिहवून घ्यावी आणि चौदा क्रम त्यांच्याच हातांनी खोडवून घ्यावेत. सूत्र परीक्षेनंतर विसरले जाईल. पण फळ्यावर उरलेल्या त्या दोन ओळी ज्याने डोळ्यांनी पाहिल्या, तो पुढे आपल्या घरात “आता मुलगाच होणार” हे वाक्य ऐकल्यावर गप्प बसणार नाही, अशी आशा धरायला हरकत नाही.