केसपेपरवरची कंबर

डॉक्टरमॅडम, तुम्ही माझ्या नातीच्या वयाच्या, म्हणून सांगते. माझी सगळी नोकरी वाशीम जिल्ह्यातच गेली, मानोऱ्याकडची उपकेंद्रं, मग मालेगाव, रिसोड.

केसपेपरवर 'कंबरदुखी' लिहून आलेली बाई कंबरेसाठीच आली असेल असं समजू नका. खिडकीशी अख्खी रांग कान टवकारून उभी. तिथं 'अंगावरून पांढरं जाते' कोण म्हणेल? ती गोळ्या घेते, दारापर्यंत जाते आणि पदराचं टोक पिळत घुटमळते. तेव्हा तिला परत बसवा. मी एकदा भर ओपीडीत मोठ्यानं विचारलं होतं, "खाली खाज आहे का?" ती उठली ती पुन्हा आलीच नाही. चूक माझीच.

सोबत सासू असली तर तिला बीपी मोजायला सिस्टरकडे धाडा. सासू खूश, आणि सुनेला दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात रंग, वास, खाज, ओटीपोटातलं दुखणं विचारून घ्या. पाळीच्या मधल्या दिवसांत पाण्यासारखं, चिकट जाणं हा आजार नव्हे. 'पांढऱ्यानं हाडं झिजून जातात' ही भीती आधी काढा, नाहीतर ती टॉनिकवर पैसे घालते. दह्यासारखं फुटलेलं, खाज सुटणारं किंवा घाण वासाचं असेल तर गोळ्यांचं हिरवं पाकीट आहेच, पण दिवस गेलेत का ते विचारल्याशिवाय देऊ नका. ओटीपोट दुखतंय, ताप आहे, तर हिरव्यावर भागत नाही. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसलं तर चिठ्ठी सरळ जिल्हा रुग्णालयाची. त्यात पुढचा महिना नको.

डॉक्टर राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या २ गावांत ६५० बाया तपासल्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८. आमच्या ट्रेनिंगमध्ये हा आकडा ऐकला तेव्हा हॉलमध्ये कुणालाच नवल वाटलं नाही.

पुरुषही तसेच. सोयाबीन काढणीच्या दिवसांत येतात, "मॅडम, कमजोरी आली, सलाईन लावून द्या." निघतं जांघेतलं गजकर्ण. मेडिकलवरची ट्यूब लावून चार दिवस थांबतं, पाचव्या दिवशी दुप्पट पसरतं. त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. ट्यूब घेऊन या म्हणा, नाव वाचा, बंद करा. घरात आणखी कुणाला खाज आहे तेही विचारा, टॉवेल एकच असतो. संडासातून रक्त पडतंय म्हणणाऱ्याला मूळव्याधीचं औषध देऊन मोकळं होऊ नका, बोटानं तपासा. चाळिशी ओलांडलेला आणि वजन उतरलेला असेल तर पुढे पाठवा.

आणि तुमच्या तपासणीच्या टेबलाला पडदा नाही, मी पाहिलं. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून शिवून घेता येतो. या आठवड्यातच घ्या.