बफेलोचा बांध

सरोवर म्हटले म्हणजे संथ, निळे पाणी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवर मात्र तसे नाही. त्याची लांबी सुमारे ३८८ किलोमीटर. पण सरासरी खोली अवघी १९ मीटर. नैर्ऋत्येचा वारा या लांबलचक पाण्यावरून अडथळ्यावाचून धावत येतो. वाऱ्याला मोकळे पाणी जितके दूरवर मिळावे, तितकी लाट मोठी होते. त्यात पाणी उथळ असल्यामुळे लाटा उभ्या चढतात व एकीच्या पाठोपाठ दुसरी आदळते. हा सारा मारा सरोवराच्या पूर्व टोकाला सोसावा लागतो आणि नेमके तेथेच बफेलो शहर वसले आहे.

१८१३ च्या डिसेंबरात इंग्रज सैन्याने बफेलो जाळले. त्या राखेतून गाव सावरत असतानाच, १८१७ साली, हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत मोठा कालवा खणण्यास आरंभ झाला. कालव्याचे टोक जेथे येईल तेथे व्यापार येणार, हे उघड होते. परंतु बफेलोला बंदर कोठे होते? तेथील लहान नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा पडलेला होता. जहाजे दूर नांगरावी लागत आणि माल होड्यांतून किनाऱ्यावर आणावा लागे. शेजारचे ब्लॅक रॉक हे गाव तर कालव्यासाठी टपूनच बसले होते.

बंदर बांधण्यास न्यूयॉर्क राज्याने १२,००० डॉलर कर्ज देऊ केले. मात्र त्यासाठी गावकऱ्यांनी जामीन राहावे, अशी अट होती. बहुतेकांनी माघार घेतली. जे थोडे पुढे झाले, त्यांत सॅम्युएल विल्केसन हा व्यापारी होता. १८२० साली कामाची देखरेख त्याच्याकडे आली. बंदर कसे बांधतात, हे त्याने कधी पाहिलेही नव्हते! तरी तो मजुरांबरोबर स्वतः पाण्यात उतरून राबू लागला.

ओंडके आडवे-उभे रचून मोठे पेटारे करायचे, ते ओळीने पाण्यात बसवायचे व दगडांनी भरायचे, अशी बांधाची रीत होती. दगडांचे एवढे वजन असल्यावर पेटारा हलेल कसा, असे कोणालाही वाटेल. पण वादळ झाले, तेव्हा काही पेटारे तिरके होऊन खचले.

तुम्ही समुद्रकिनारी पाण्यात उभे राहिला असाल, तर परतणारी लाट टाचांखालची वाळू कशी ओढून नेते, हे तुम्हांस ठाऊक असेल. येथेही तेच घडले होते. लाटांनी पेटारा ढकलला नव्हता. त्याच्या बुडाखालची वाळू उकरून नेली होती. मात्र ज्याच्या पायथ्याशी झुडपांच्या डहाळ्या टाकल्या होत्या, तो पेटारा जागच्या जागी होता. डहाळ्यांच्या जाळ्यात पाण्याचा वेग मंदावला होता व वाहती वाळू तेथे अडकून घट्ट बसली होती. मग काय, पुढील कामात डहाळ्यांचा भरपूर उपयोग करण्यात आला. जी वाळू पळत होती, तीच बांधाला धरून राहू लागली. बांध सुमारे ४०० मीटर सरोवरात गेला.

१ नोव्हेंबर १८२१ रोजी ईरी सरोवरावरील पहिली आगबोट ‘वॉक-इन-द-वॉटर’ वादळात सापडून बफेलोजवळच किनाऱ्यावर फुटली. सुदैवाने माणसे वाचली. ती आगबोट ब्लॅक रॉक येथे बांधलेली होती. तिच्या जागी आलेली नवी आगबोट ‘सुपीरियर’ मात्र १८२२ साली बफेलोत तयार झाली. अखेर कालव्याचे टोकही बफेलोलाच आले.

२६ ऑक्टोबर १८२५ रोजी कालवा खुला झाला. सरोवराचे पाणी पिंपात भरून न्यूयॉर्कला नेण्यात आले व समुद्रात ओतले गेले. परतताना समुद्राचे पाणी बफेलोला आणले. ते ईरी सरोवरात ओतण्याचा मान विल्केसनला मिळाला.